मागचा हात

त्याला सगळे कवळी म्हणत. तोंडावर म्हणत आणि पाठीमागेही म्हणत. तोही निमूट ओ देई, कारण ओ दिली नाही तर हाक आणखी मोठ्यानं येते, हे त्याला शाळेत असल्यापासून माहीत होतं. धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर वेगळे. ते माणसाला खुर्चीत बसवतात, गोड बोलतात, त्याच्या तोंडात दिवा मारतात. हा बसायचा चपलांच्या दुकानावरच्या खोलीत. तिथं माणसं येत नसत, नुसते जबडे येत, प्लास्टरचे.

खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि दातांनी भरलेले चपटे खण. भिंतीवरच्या फळ्यांवर निम्म्या वस्तीचे जबडे रांगेनं ठेवलेले. रस्त्यात कुणी ओळख दाखवली तर चेहरा याच्या ध्यानात येत नसे. समोरच्यानं बोलायला तोंड उघडलं की मग ओळख पटायची. हात मात्र असा, की केसाएवढी चूक त्याला खपत नसे. त्याची कवळी तोंडात घातली की माणूस दोन दिवसांत विसरून जाई की हे दात आपले नाहीत. त्यामुळे डॉक्टर मंडळी त्याला धरून होती.

आता असा माणूस दुकानात चांगला. घरात त्याच्याबरोबर दिवस काढायचे म्हणजे काय, हे त्याच्या बायकोला विचारावं. तिनं पडदा शिवला तर हा स्टुलावर चढून शिवण बघे. वाकडी निघाली तर चकार शब्द बोलत नसे. पडदा काढून उसवे, पुन्हा शिवे आणि होता तिथं लावून टाके. भांडणारा नवरा परवडला, त्याला निदान चार शब्द सुनावता येतात. पाहुण्यांसमोर ती रंगात येऊन काही सांगू लागली की हा मध्येच म्हणे, मंगळवार नव्हता तो, बुधवार होता. आणि बुधवारच असे. त्यातच सगळं दुखणं होतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण घरातल्या एकाही गोष्टीत तो चुकला असं तिला कधी म्हणता आलं नव्हतं.

तो चुकायचा एकाच ठिकाणी, आणि तेही सगळ्या जगासमोर. दर रविवारी, खाडीच्या पाण्यात.

ती खाडी म्हणजे सासऱ्यांचं राज्य. सासऱ्यांना सगळे कप्तान म्हणत. कप्तान ते कधीच नव्हते, या तीरावरून त्या तीरावर जाणारी फेरीबोट चालवायचे. पण रुबाब असा की जहाजाच्या मालकानंही बाजूला सरकून वाट द्यावी. तरुणपणी कुठूनशी एक जुनी फळी आणि फाटकं शीड पैदा करून त्यांनी या खाडीत विंडसर्फिंग सुरू केलं. पुढं काठावर पत्र्याची शेड आली, शेडमध्ये फळ्या आल्या, फळ्यांमागून माणसं आली. टायरवाला आला, पार्लरवाली आली, रविवारी घरात करमत नाही असे आणखी दहाबारा जण आले. आणि या सगळ्यांच्या डोक्यात कप्तानांनी एक किडा सोडून दिला: कोलांटी. बाहेरची माणसं त्याला फॉरवर्ड लूप म्हणतात. इथं कोलांटी.

सांगायला सोपी आहे. वारा पाठीशी घेऊन फळी सुसाट पळत असते. समोर लाट आली की तिच्यावरून उडायचं. उडता उडता मान वळवून मागच्या खांद्यावरून मागं बघायचं आणि शिडाचा दांडा धरलेल्या दोन हातांपैकी मागचा हात जीव खाऊन आपल्याकडे ओढायचा. बस्स. बाकी सगळं वारा करतो. तो शीड, फळी आणि माणूस यांचं एकच गाठोडं करून हवेत पुढच्या पुढं उलटं फिरवतो आणि पुन्हा पाण्यावर आणून ठेवतो. अडचण एवढीच की ज्या क्षणी ओढायचं, नेमक्या त्याच क्षणी सगळं अंग म्हणत असतं, सोड. आणि हात सुटतो. सुटला की फिरकी अर्ध्यात मोडते आणि माणूस पाठीवर पडतो. तेव्हा ते पाणी पाणी राहत नाही, फरशी होते. धरून ठेवणाऱ्याला उलट कमी लागतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी सुटायचा तो हात सुटतोच.

इथला एक रिवाज होता. कोलांटी जमली की नाही हे कोलांटी मारणाऱ्यानं ठरवायचं नाही, काठावरच्या लोकांनीही नाही. शेडच्या भिंतीला लागून एक बाक होतं. त्यावर कप्तान बसत, काळा चष्मा लावून, गुडघ्यांवर टॉवेल टाकून, डोक्याला जुनी निळी टोपी. एखाद्याची पहिली कोलांटी साफ झाली की कप्तान उठून उभे राहत आणि टोपी उंच धरत. मग ती झाली. ते बसून राहिले तर नाही झाली, मग तुम्ही हवेत कितीही गिरक्या घ्या. टोपी मिळालेला माणूस काठावर वेगळा चाले. टायरवाल्याला एका मोसमात टोपी मिळाली होती, तेव्हापासून तो बाकाच्या अगदी जवळ बसून चहा प्यायचा. पार्लरवालीला त्याच्यानंतर मिळाली. कवळीला नाही.

लग्न ठरलं तेव्हा कप्तानांनी मुलीला एकच गोष्ट सांगितली होती, आणि ती अशा बेतानं सांगितली होती की जावयाच्या कानावर पडावी. "मुलगा चांगला आहे, पण ऐन वेळी हात सोडणाऱ्यातला आहे." तेव्हा कवळीनं फळीला पायही लावला नव्हता. ते वाक्य मात्र त्याच्या घशात काट्यासारखं अडकून बसलं. लग्नानंतर तो पोहायला शिकला, मग फळीवर उभं राहायला, मग शीड धरायला. वारा आवडतो म्हणून नाही आणि पाणी आवडतं म्हणून तर मुळीच नाही, पाण्याची त्याला मनातून भीतीच होती. त्याला त्या म्हाताऱ्याला उठून उभं राहायला लावायचं होतं. बाकी आयुष्यात त्याला काही कमी नव्हतं, आणि हे एक नव्हतं तर बाकीचं सगळं त्याला फुकट वाटायचं.

दर रविवारी तो जाई, उडे, हात सोडे आणि आपटे. काठावरून टायरवाला ओरडे, "कवळी पडली, कुणीतरी उचला रे." लोक हसत. हसण्यासारखंच असे ते. दुपारी कप्तानांच्या घरी सगळे जेवायला बसत आणि कप्तान टेबलावर चमचा उभा धरून जावयाची नक्कल करत. चमचा मोठ्या दिमाखात उडे, हवेत थरथरे आणि डाळीच्या वाडग्यात धपकन पडे. ती नक्कल किती वेळा झाली असेल कोण जाणे, पण दर वेळी हशा पिके, आणि त्याची बायकोही तोंडाला पदर लावल्यासारखा हात लावून हसे. कवळी आपल्या शर्टावर उडालेला शिंतोडा रुमालानं नीट पुसून घेई.

त्यानं काय काय करून पाहिलं नाही. दुकानात दरवाजाला झाडूचा दांडा बांधला आणि डोळे मिटून, मान मागं वळवून तो ओढायची सवय केली. खालचा चपलावाला एकदा वर आला, त्याला असा बघितला आणि काही न विचारता खाली गेला. एका रविवारी टायरवाल्यानं चेहरा गंभीर ठेवून सल्ला दिला की मागचा हात पट्ट्यानं दांड्याला बांधून टाक, म्हणजे सुटायचा प्रश्नच उरला नाही. दुसरा कुणी असता तर त्याला थट्टा कळली असती. कवळीनं मोजून मापून पट्टा तयार केला, बकल लावलं, हात बांधला आणि उडाला. हात सुटला नाही हे खरं. शीड पाण्यावर आडवं पडलं आणि हा त्याच्याखाली बांधलेल्या हातानं अडकून राहिला. वर येईना. काठावर आधी हसले, मग हसायचे थांबले, मग टायरवाल्यानंच उडी मारून त्याला ओढून काढला. वाळूवर आडवा पडून तो पाणी ओकत होता तेव्हा कप्तान बाकावरूनच म्हणाले की बांधलेला हात म्हणजे धरलेला हात नव्हे, तो मोजला जात नाही.

त्या संध्याकाळी बायकोनं त्याच्या पाठीला मलम चोळलं. ते ती दर रविवारी करायची. तो पलंगावर पालथा पडे, शर्ट काढलेला, पाठ लालबुंद. तिचा हात खांद्यापासून कमरेपर्यंत सावकाश फिरे. त्या वेळी तो तिची एकही चूक काढत नसे. उशीत तोंड खुपसून पडलेला असे आणि कधीमधी विव्हळे. आठवड्यातून तेवढाच एक तास तिच्या हाताखाली एक साधा, चुकलेला माणूस असायचा.

आणि मग एका रविवारी त्याला जमलं. त्या दिवशी त्याच्या मनात कोलांटी नव्हतीच. सकाळी एक कवळी पाठवायची राहिली होती, तिचा विचार चालला होता. लाट आली, फळी उडाली, मान आपोआप मागं वळली, आणि हात ओढला गेला. अंग सोड म्हणालं, पण तोवर उशीर झाला होता. आकाश पायाखालून गेलं. पुढच्या क्षणी तो फळीवर ओणवा उभा होता, दोन्ही हातांत दांडा घट्ट, शिडात वारा, आणि फळी पुढं पळत होती. काठावरून आरडाओरडा झाला. पार्लरवाली तर कपबशी टाकून उठली.

मग सगळ्यांनी बाकाकडं बघितलं. कप्तान बसून होते.

आरडाओरडा जागच्या जागी विरला. ज्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं तेही विचार करू लागले. कप्तान उठले नाहीत, म्हणजे काहीतरी राहिलं असणार. टायरवाला म्हणाला, शेवटी जरा हात सैल पडल्यासारखं वाटलं खरं. दुसऱ्या कुणाला आठवलं की पाण्यावर येताना फळी वाकडी होती. कवळी काठाला लागेपर्यंत त्याची कोलांटी सगळ्यांनी मिळून मोडूनही टाकली होती. त्यानं बायकोला विचारलं, तू बघितलंस ना? ती म्हणाली, सुटला होता, अगदी जरासा. केसाएवढी चूक ज्याला अंधारात सापडे त्यानं मान डोलावली आणि मान्य केलं. पुढचे कित्येक दिवस तो काम करता करता आपल्याच उजव्या हाताकडं संशयानं बघायचा.

मोसमाच्या मध्यावर कप्तानांची कवळी तडकली. ती जुनी होती, दुसऱ्या कुणी केलेली. जावई या धंद्यात असताना त्याच्याकडून दात घेणं त्यांनी इतकी वर्षं टाळलं होतं, आता मात्र इलाज नव्हता. मुलगी त्यांना दुकानाच्या दारापर्यंत सोडून भाजी घ्यायला गेली. कप्तान भिंतीला हात लावत जिना चढून आले आणि चष्मा न काढता खुर्चीत बसले. कवळीनं त्यांचा जबडा धरून माप घेतलं. पुढच्या खेपेला मेणावर दात मांडून ठेवले. पक्की कवळी करण्याआधी ती अशी मेणाची तोंडात घालून बघायची असते, हसताना दात किती दिसतात, ओठ कुठं येतो. ती घातली आणि त्यानं त्यांच्या हातात आरसा दिला.

आरसा उलटा दिला गेला. घाईत, चुकून. कप्तानांच्या समोर आरशाची हिरवी प्लॅस्टिकची पाठ होती. तो सॉरी म्हणणार एवढ्यात कप्तानांनी आरसा चेहऱ्यासमोर धरला, मान डावीकडं केली, उजवीकडं केली, हिरव्या प्लॅस्टिककडं बघून दात दाखवले आणि म्हणाले, "झकास. पूर्वीसारखाच दिसतोय मी."

कवळीची जीभ टाळ्याला चिकटली. मग त्यानं ती सोडवली आणि हळूच बाहेर काढून दाखवली, सासऱ्यांच्या अगदी नाकासमोर. कप्तान तसेच हसत राहिले. त्यांना कडेकडेनं थोडं दिसत होतं, म्हणून जिना चढता येत होता, खुर्ची सापडत होती. पण समोर बघायचं म्हटलं की काही नव्हतं. हे किती वर्षांचं आहे, त्यानं विचारलं नाही. जीभ आत घेतली, मेणावरचा एक दात जरा आत सरकवला आणि म्हणाला की कवळी पुढच्या आठवड्यात देतो.

ते गेल्यावर तो दिवा विझवून बसून राहिला. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. म्हणजे म्हाताऱ्यानं त्याची कोलांटी नाकारलीही नव्हती. पण टायरवाल्याच्या वेळी तर ते उठले होते, पार्लरवालीच्या वेळी उठले होते. कुणीतरी त्यांना सांगत असणार.

पुढच्या रविवारी त्यानं खांदा दुखायचं निमित्त केलं, पाण्यात उतरला नाही, आणि शेडमध्ये फळ्यांच्या आड एका बादलीवर बसला. तिथून बाकाची बाजू दिसत होती. नेहमीप्रमाणे कप्तानांच्या उजव्या हाताला त्याची बायको बसली होती. नवा आलेला एक इंजिनिअर कितीतरी दिवस धडपडत होता, त्याची त्या दिवशी कोलांटी झाली. बायकोचा हात टॉवेलखाली गेला. टॉवेल गुडघ्यावर जरासा उचलला गेला आणि खाली बसला. कप्तान ताडकन उठले आणि त्यांनी टोपी उंच धरली. काठावर टाळ्या पडल्या. इंजिनिअर वाळूवर येऊन रडायला लागला, आणि कप्तानांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

संध्याकाळी ती मलम घेऊन आली. खांदा दुखतोय म्हणाला होतास ना, असं म्हणून तिनं त्याला पालथं पडायला सांगितलं. तिचा हात फिरू लागल्यावर तो उशीतूनच बोलला.

"आज बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवलास."

हात थांबला. मग पुन्हा फिरू लागला. ती म्हणाली, बाबांना दिसत नाही हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं, ते त्या बाकावर मेले असते.

"माझ्या वेळी ठेवला नाहीस."

"नाही."

"माझा हात सुटला होता?"

"नाही," ती म्हणाली. "सुंदर झाली होती. इतकी सुंदर मी बाबांचीसुद्धा बघितली नव्हती."

त्याला वाटलं, म्हाताऱ्यानंच तिला तसं बजावून ठेवलं असेल. त्यानं तसं विचारलं. ती म्हणाली, बाबांना यातलं काही माहीत नाही. उलट दर रविवारी घरी आल्यावर तेच विचारतात, जावईबापूंना अजून नाही का जमली, आणि मी नाही म्हणते. दुधाचा हिशेब सांगावा इतक्या सरळ तिनं हे सांगितलं. मग तिनं बोटावर आणखी थोडं मलम घेतलं.

"घरात तू कधी चुकत नाहीस. मी उठता-बसता चुकते. तेवढी एकच जागा होती, तिथं तू पडायचास. ती मी कशी देऊन टाकू? आता डावा खांदा इकडे कर."

त्यानं डावा खांदा तिच्याकडं केला.

दुसऱ्या कुणी भांडण केलं असतं. ताट आपटलं असतं, निदान सासऱ्यांकडं जाऊन खरं काय ते सांगितलं असतं. म्हातारा बिचारा त्याची वाटच बघत होता. किंवा सरळ पुन्हा पाण्यात जाऊन, पुन्हा मारून, बायकोला म्हटलं असतं, आता ठेव हात. पण हा पडदा उसवणारा माणूस होता. त्या आठवड्यात त्यानं कप्तानांची कवळी पूर्ण केली, घासून गुळगुळीत केली, आणि घरी जाऊन स्वतःच्या हातानं बसवून आला. हात लावायलाही जागा उरली नाही इतकी ती चपखल बसली. कप्तान खूश झाले. त्यांनी विचारलं, रविवारी पाण्यात जाणार ना जावईबापू? तो म्हणाला, जाणार बाबा.

रविवारी वारा जोराचा होता. सकाळभर सगळे पाण्यात होते, मग चहासाठी एकदमच वर आले. बाकाच्या पुढ्यात वाळूवर त्यांचा घोळका जमला. टायरवाला आपल्या दुकानातला कुठलातरी किस्सा सांगत होता, पार्लरवाली त्याला टोकत होती, इंजिनिअर नव्यानं टोपी मिळालेल्या माणसाचं मोकळं हसू हसत होता. फळ्या वाळूवर ओळीनं पडल्या होत्या. खाडीत चिटपाखरू नव्हतं. बायको उरलेले कप आणायला शेडमध्ये गेली, आणि कवळी येऊन तिच्या जागेवर बसला. बोलला नाही. खाकरला नाही. कप्तानांनी मान जराशी त्याच्या बाजूला केली आणि मुलगी आली असं धरून पुन्हा समोर वळवली.

त्यानं टॉवेलखाली हात घातला आणि तळवा त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

कप्तान उठले. या वयात माणूस उठतो तसे नाही, बाकाला हात न लावता, एकदम ताठ. टोपी काढली आणि रिकाम्या खाडीसमोर उंच धरली. नवे दात उन्हात चमकत होते. टायरवाला आधी हसला, त्याला वाटलं कप्तान थट्टा करताहेत. मग त्यानं पाण्याकडं बघितलं, फळ्यांकडं बघितलं, आणि हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं. कुणीतरी विचारलं, "कुणाला, कप्तान?"

"कुणाला म्हणजे? जावईबापूंना," कप्तान म्हणाले. "तुम्ही सगळे तर इथं चहा ढोसताय, पाण्यात राहिलं कोण? जमली अखेर पठ्ठ्याला. मी म्हणत होतो जमेल म्हणून."

टोपी वरच होती. कवळी त्यांच्या अगदी शेजारी बसला होता आणि सगळा घोळका त्याच्याकडं बघत होता. इतकी वर्षं ज्या टोपीसाठी त्यानं पाठ सोलून घेतली ती त्याच्या डोक्यावर हातभर उंचीवर होती, आणि तिच्याकडं मान वर करून बघायची त्याची छाती झाली नाही.

टाळ्या पडल्या नाहीत, तेव्हा कप्तान गोंधळले. चाचपडत खाली बसले. मुलीला सांगावं तसं हलक्या आवाजात म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो तुला?" आणि गुडघ्यावरच्या त्या हातावर आपला हात ठेवला. तो तिथंच राहिला होता, कवळीला तो काढून घ्यायचं सुचलं नव्हतं. कप्तानांची बोटं त्याच्या बोटांवरून फिरली. घासकामानं खरखरीत झालेली, नखांच्या कडांत प्लास्टर बसलेली ती बोटं चार दिवसांपूर्वीच त्यांच्या तोंडात होती. त्यांचा हात थांबला.

"कधीपासून बसलायस इथं?" त्यांनी विचारलं.

बायको हातात कप घेऊन शेडच्या दारात उभी होती, तिनं सगळं बघितलं होतं. ती ओरडली नाही. कप वाळूवर ठेवले, वडिलांच्या डोक्यावर टोपी नीट बसवली, त्यांच्या काखेत हात घातला आणि त्यांना उठवलं. जाताना कप्तानांचा पाय फळीला अडखळला. आजवर कधी अडखळला नव्हता. टायरवाला धरायला पुढं झाला, तेव्हा त्यांनी त्याला बाजूला सारलं आणि त्यांना समोरचं दिसत नाही हे उरलेलं सगळ्यांना कळलं.

त्यानंतर कप्तान काठावर आले नाहीत. बाक आहे, त्यावर आता ओले टॉवेल वाळत घालतात. नवीन येणाऱ्यांना टोपीचं कुणी सांगत नाही. कोलांटी झाली की फोनवर फिल्म काढतात आणि झालं. कवळीला अजून सगळे कवळी म्हणतात, फक्त आता हसत म्हणत नाहीत. रविवारी जेवायला त्याला कुणी बोलवत नाही. महिन्याभरानं बायकोनं कप्तानांची नवी कवळी रुमालात गुंडाळून आणली आणि त्याच्या टेबलावर ठेवली. लागते म्हणाले, एवढंच तिनं सांगितलं. त्यानं ती उजेडात धरून सगळीकडून बघितली, साच्यावर बसवून बघितली. ती कुठंच लागण्यासारखी नव्हती.

पाण्यात तो अजूनही जातो. हात आता सुटत नाही. दहातल्या नऊ कोलांट्या साफ होतात, काठावरचे चहा पीत दुसरीकडं बघत असतात. एखादी फसते आणि तो पाठीवर आपटतो. त्या संध्याकाळी तो पलंगाच्या कडेला बसतो, मलमाची डबी उघडतो आणि खांद्यावरून मागं हात घालून पोचेल तिथवर चोळतो. मग खालून, कमरेकडून. बायको शेजारच्या खोलीत पडद्याला दोरा घालत असते, दार उघडं असतं. पाठीच्या मधोमध त्याचा हात पोचत नाही. तेवढी जागा तो तशीच ठेवून शर्ट घालतो.